बोटावरची शाई आणि अंगठ्याखालचा स्क्रीन

सप्टेंबर २०२५. नेपाळ सरकारने ४ तारखेला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूब धरून २६ माध्यमांना कुलूप लावलं. कारण दिलं की त्यांनी सरकारदरबारी नोंदणी केली नव्हती. ८ तारखेला काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर उतरली, काही तर शाळा-कॉलेजच्या गणवेशात. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात किमान १९ जीव गेले. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्यांचं नाव पुढे आलं त्यात डिस्कॉर्ड नावाच्या अ‍ॅपचा हात होता. एरवी गेम खेळणारी पोरं तिथे गप्पा मारतात; त्या आठवड्यात हजारोंनी तिथे बसून पुढचं सरकार कोणी चालवावं यावर वाद घातला, मतं घेतली.

नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक. दक्षिण मुंबईतल्या कुलाब्यात मतदान झालं सुमारे ४४ टक्के. फोर-जी, फाइव्ह-जी, घरात वाय-फाय, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फोन, मतदानकेंद्र चालत दहा मिनिटांवर. त्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यात, जिथे काही गावांत फोनला रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं आणि सुरक्षेपायी मतदान दुपारी तीनलाच संपतं, तिथे आकडा सत्तरीच्या पुढे गेला.

म्हणजे एका ठिकाणी सोशल मीडियाने सरकार पाडलं असं म्हणायची सोय आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी सोशल मीडियाच्या राजधानीत निम्म्याहून जास्त लोक घरीच बसले. मग या माध्यमांमुळे माणूस राजकारणात जास्त भाग घेतो की कमी? या प्रश्नावर वीसेक वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' यापेक्षा बरंच मजेशीर आहे.

आधी 'सहभाग' कशाला म्हणायचं ते ठरवू

राजकीय सहभाग म्हणजे फक्त मतदान नव्हे. ग्रामसभेला जाऊन हात वर करणं, नगरसेवकाला फोन करून गटाराचं झाकण मागणं, मोर्चात चालणं, पक्षाला देणगी देणं, निवेदनावर सही करणं, प्रचाराच्या चिठ्ठ्या वाटणं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणं, हे सगळं त्यात येतं. कारभारावर आपला काही परिणाम व्हावा म्हणून केलेली कोणतीही कृती.

आता पोस्ट टाकणं, लाईक करणं, प्रोफाइलचा फोटो काळा करणं हे त्यात धरायचं का? अभ्यासकांमध्ये यावर जुनं भांडण आहे. मी इथे एक साधी वाटणी करतो: स्क्रीनवरचा सहभाग वेगळा आणि स्क्रीनबाहेरचा वेगळा. खरा प्रश्न पहिल्यातून दुसरा उगवतो का, हा आहे.

मंडळाचा ग्रुप आणि वर्गणी

कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञ शेली बुलियान यांनी २०१५ साली तोवर झालेले ३६ अभ्यास एकत्र करून तपासले. सोशल मीडियाचा वापर आणि सहभाग यांचं नातं मोजणारे जे आकडे त्यात होते, त्यातले ८२ टक्के 'एक वाढलं की दुसरंही वाढतं' असं सांगत होते. मथळ्याला एवढं पुरेसं आहे. पण त्यातले जेमतेम निम्मेच संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे होते. शिवाय, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही.

हे समजायला गणपती मंडळाकडे बघा. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असलेली पोरं वर्गणी गोळा करतात, मांडव घालतात, विसर्जनाला पहाटेपर्यंत थांबतात. ग्रुपमध्ये नसलेली पोरं यातलं फारसं काही करत नाहीत. यावरून कुणी म्हणालं की 'ग्रुपमध्ये घातलं की पोरगं वर्गणी गोळा करायला लागतं', तर तुम्ही हसाल. पोरगं आधीपासून मंडळाचं होतं म्हणून ग्रुपमध्ये आलं. तसंच ज्याला राजकारणात मुळातच रस आहे, तो पोस्टही वाचणार आणि मतदानालाही जाणार. दोन्हीमागे तिसरंच कारण.

हा गुंता सोडवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: चिठ्ठ्या टाकून लोकांची वाटणी करायची. काहींना एक गोष्ट द्यायची, काहींना नाही, आणि मग फरक बघायचा. औषधांची चाचणी अशीच होते. आणि एकदा असा प्रयोग एका देशाच्या निवडणुकीत, कोट्यवधी लोकांवर झाला. बहुतेकांना आपण प्रयोगात आहोत याची गंधवार्ताही नव्हती.

सहा कोटी लोकांवरचा प्रयोग

२ नोव्हेंबर २०१०, अमेरिकेच्या संसदेची निवडणूक. त्या दिवशी फेसबुक उघडणारे १८ वर्षांवरचे अमेरिकन होते सुमारे ६ कोटी १० लाख. त्यांची तीन गटांत वाटणी झाली.

सुमारे ९८ टक्के लोकांना पानाच्या वर एक संदेश दिसला: आज मतदान आहे, तुमचं केंद्र इथे शोधा. खाली 'मी मतदान केलं' असं बटण. आणि त्या बटणाजवळ, ज्यांनी ते आधीच दाबलं आहे अशा आपल्याच सहापर्यंत मित्रांचे चेहरे. दुसऱ्या गटाला, साधारण एक टक्का लोकांना, हाच संदेश दिसला, हेच बटण दिसलं, फक्त मित्रांचे चेहरे नव्हते. उरलेल्या एक टक्क्याला काहीच दिसलं नाही.

अमेरिकेत कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण कोण मतदानाला आलं होतं याची नोंद बघता येते. रॉबर्ट बाँड, जेम्स फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सरकारी नोंदी काढून लाखो लोकांची पडताळणी केली, म्हणजे लोक 'गेलो होतो' म्हणतात त्यावर विसंबले नाहीत. ते बरंच झालं, कारण बटण दाबलेल्यांपैकी काहीजण केंद्रावर फिरकलेच नव्हते. (याबाबतीत अमेरिका आणि आमची सोसायटी यांच्यात फारसा फरक नाही. पुढे येतोच त्यावर.)

निकाल २०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. बिनचेहऱ्यांचा संदेश पाहिलेले लोक आणि काहीच न पाहिलेले लोक, यांच्या प्रत्यक्ष मतदानात फरक नव्हता. नुसत्या माहितीने कुणी उठून गेलं नाही. मित्रांच्या चेहऱ्यांसह संदेश पाहिलेले लोक मात्र थोडे जास्त गेले. हिशोब असा निघाला की त्या संदेशाने थेट सुमारे ६० हजार जादा मतदार बाहेर काढले, आणि त्यांच्या मित्रांमार्फत आणखी सुमारे २ लाख ८० हजार.

या दुसऱ्या आकड्याकडे जरा थांबून बघा. संदेश ज्याला दिसला त्याच्यापेक्षा त्याच्या मित्रावर एकूण परिणाम जास्त झाला. आणि कोणता मित्र? फेसबुकवर माणसाचे शेकड्याने मित्र असतात. परिणाम जवळजवळ सगळा जवळच्या मित्रांमधून गेला, म्हणजे ज्यांच्याशी स्क्रीनबाहेरही उठबस असण्याची शक्यता दाट. लग्नात एकदा भेटलेल्या आतेभावाच्या मेहुण्याने मतदान केलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आपल्याकडे हे बटण शाईच्या रूपात १९६२ पासून बोटावर आहे. म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यातली ती न पुसणारी शाई मुळात दुबार मतदान रोखायला आणली गेली. पण मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत मोबाइलवर शाईच्या बोटांचे फोटो येऊ लागतात, बायकोच्या मैत्रिणीचा, शेजारच्या काकांचा, ऑफिसातल्या त्या खडूस साहेबाचासुद्धा, तेव्हा शाई तेच काम करते जे त्या चेहऱ्यांनी केलं. लोक या सेल्फींना दिखाऊपणा म्हणून नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. दिखाव्यातच त्याचा उपयोग आहे.

"सहा कोटींमागे साठ हजार? हा काय फरक झाला?"

शंका रास्त आहे. हजारी एक. एखाद्या गावात हजार मतदार असतील तर या संदेशाने तिथला एक माणूस जादा गेला असता, मित्रांचा हिशोब धरला तर पाच-सहा.

पण २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात दोघा मुख्य उमेदवारांना प्रत्येकी साडेचार लाखांवर मतं पडली आणि निकाल लागला ४८ मतांनी. अठ्ठेचाळीस. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं असलेल्या बारा मजली इमारतीत प्रत्येक दारामागचा एक माणूस. अशा ठिकाणी हजारी एक म्हणजे थट्टा नाही.

याच्याच पोटात एक भीतीही आहे. हार्वर्डमधले कायद्याचे प्राध्यापक जोनाथन झिट्रेन यांनी २०१४ मध्ये विचारलं: समजा कंपनीने हे बटण सगळ्यांना न दाखवता ठराविक पक्षाकडे झुकलेल्यांनाच दाखवलं तर? खोटं काही सांगितलं नाही, कुणाला मत द्या असं म्हटलं नाही, पैसे वाटले नाहीत. फक्त काहींना आठवण केली आणि काहींना नाही. बाहेरच्या कुणाला ते कळणारही नाही, कारण मला काय दिसलं नाही हे मला कधीच दिसत नाही. कंपनीने असं केलं असा आरोप मी करत नाही. पण मतदारयादीचा कागद पक्षांच्या एजंटांना तपासता येतो, कुणाच्या पानावर काय दिसलं हे नाही, आणि हा फरक मला खुपतो.

"मग अ‍ॅपच काढून घेतलं तर लोक मतदानाला जायचे थांबतील का?"

हेही करून पाहिलंय. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीआधी अभ्यासकांनी सुमारे ३५ हजार फेसबुक-इन्स्टाग्राम वापरकर्ते निवडले. काहींना पैसे देऊन सहा आठवडे खातं बंद ठेवायला लावलं, बाकीच्यांना जेमतेम एक आठवडा. मतदानाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्क्रीनवरचा सहभाग मात्र घटला, आणि तो घटणारच. दुकान बंद असल्यावर गल्ला कुठून भरणार.

हे आधीच्या प्रयोगाच्या विरुद्ध वाटतं, पण दोन्हीत विचारलेला प्रश्न वेगळा आहे. २०१० मध्ये एक नेमकी गोष्ट जोडली होती: आजचा दिवस, हे बटण, हे तुझे मित्र. २०२० मध्ये सगळंच काढून घेतलं. त्यात मतदानाची आठवण गेली, तशीच क्रिकेटची रीळ, मांजरं, मिसळीचे फोटो आणि दोन तासांची भांडणंही गेली. अ‍ॅप एका हाताने माणसाला मतदानकेंद्राकडे ढकलतं आणि दुसऱ्या हाताने सोफ्यावर बसवून ठेवतं. बेरीज-वजाबाकी करून हातात फारसं उरत नाही. म्हणून 'सोशल मीडिया किती वापरता?' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. 'चहा प्यायल्याने माणूस राजकारणात येतो का?' असं विचारण्यासारखं. टपरीवर कोणासोबत पिता, त्यावर आहे.

राग तोच, जमणं सोपं

मतदान सोपं काम आहे: ठरलेला दिवस, ठरलेली जागा, सुट्टी. रस्त्यावर उतरणं अवघड. तिथे मी एकटा गेलो तर लाठी मलाच. दहा हजार गेले तर बहुतेक कुणालाच नाही. म्हणून प्रत्येकजण दुसरा निघतो का ते बघत बसतो. गावच्या पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा तसं.

हे कसं सुटतं ते रशियातल्या एका अभ्यासाने फार सुंदर दाखवलंय. तिथे फेसबुकसारखं 'व्हीके' नावाचं माध्यम आहे. पावेल दुरोव्ह या तरुणाने ते २००६ मध्ये काढलं, सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठातून बाहेर पडता पडता. पहिले सभासद त्याच्याच विद्यापीठातले. ते आपापल्या गावच्या मित्रांना आत ओढत गेले, त्यामुळे ज्या शहरांतली पोरं योगायोगाने दुरोव्हच्या आसपासच्या वर्षांत तिथे शिकत होती, त्या शहरांत व्हीके लवकर पसरलं. त्याच विद्यापीठात दोन-चार वर्षं पुढेमागे शिकलेल्यांच्या शहरांत उशिरा. म्हणजे नशिबानेच चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं. एनिकोलोपोव्ह, माकारिन आणि पेत्रोव्हा या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हा योगायोग पकडला.

डिसेंबर २०११ मध्ये संसदीय निवडणुकीत घोटाळा झाल्याच्या आरोपावरून रशियाभर निदर्शनं झाली. हिशोब निघाला तो असा: शहरात व्हीके वापरणारे १० टक्क्यांनी जास्त असतील तर निदर्शन होण्याची शक्यता ४.६ टक्क्यांनी आणि निदर्शकांची संख्या १९ टक्क्यांनी वाढत होती.

इथवर वाचून वाटेल की व्हीकेवर सरकारविरोधी मजकूर वाचून लोक भडकले. तसं नाही. त्याच शहरांत सरकारला पाठिंबा उलट थोडा जास्तच होता! माध्यमाने नाराजी पिकवली नाही. आधीच नाराज असलेल्यांना 'किती वाजता, कोणत्या चौकात, आणखी कोण येतंय' एवढंच सांगितलं. याला भक्कम पुरावा म्हणजे तिसरा निष्कर्ष: ज्या शहरांत लोक व्हीके आणि फेसबुक असे दोन्हीकडे विभागले गेले होते, तिथे निदर्शनं कमी झाली. मजकूर भडकवत असता तर दोन्हीकडे भडकवता आला असता. पण निम्मे एका चौकात आणि निम्मे दुसऱ्या चौकात म्हटलं की मोर्चा होत नाही. सोसायटीचे दोन ग्रुप झाले की काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना रशियाला जायची गरज नाही.

"पण नेपाळात तर अ‍ॅप बंद होती, मग पोरं जमली कशी?"

उत्तम शंका. एक तर सगळी बंद नव्हती. नोंदणी केलेलं टिकटॉक चालू होतं आणि नेत्यांच्या मुलांच्या चैनीचे व्हिडिओ तिथे आधीपासून फिरत होते. दुसरं, बंदीनेच एक तारीख ठरवून दिली. रोज थोडा थोडा येणारा राग एका दिवशी सगळ्यांना एकदम आला, आणि तो सगळ्यांनाच आलाय हे सगळ्यांना माहीत होतं.

इजिप्तमध्ये हे आधी घडलंय. २८ जानेवारी २०११ ला मुबारक सरकारने देशभरचं इंटरनेट आणि मोबाइल बंद पाडलं. नावीद हसनपूर या राज्यशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की त्यानेच निदर्शनं कैरोच्या तहरीर चौकातून फुटून गल्लोगल्ली पसरली. घरात बसून बातमी बघता येईना, मुलगा कुठे आहे ते कळेना, म्हणून माणसं खाली उतरली आणि समोरासमोर बोलायला लागली. स्क्रीन चालू असताना जो प्रेक्षक होता, तो स्क्रीन गेल्यावर रस्त्यावर आला. हा मुद्दा अजून वादात आहे, पण फोन माणसाला गुंतवूनही ठेवतो या आधीच्या गोष्टीशी तो जुळतो.

दहा लाख सभासद, खिशात हात कुणाचाच नाही

सुदानमधल्या दारफुरच्या हत्याकांडाविरुद्ध फेसबुकवर एक मदतमोहीम उघडली होती. दहा लाखांहून जास्त लोक सभासद झाले. केव्हिन लुईस, कर्ट ग्रे आणि येन्स मायरहेनरिख यांनी २०१४ मध्ये त्या सभासदांचा हिशोब मांडला: ९९.७६ टक्क्यांनी एक पैसाही दिला नव्हता. ७२ टक्क्यांनी दुसऱ्या एकालाही सभासद करून आणलं नव्हतं. नाव नोंदवलं, बरं वाटलं, पुढच्या पोस्टवर गेले.

याच सुमारास झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत असंही दिसलं की चारचौघांत पाठिंबा दाखवून झालेला माणूस पुढच्या खऱ्या मदतीला, गुपचूप पाठिंबा दिलेल्या माणसापेक्षा कमी तयार होतो. चांगलं दिसायचं होतं, ते दिसून झालं. पण म्हणून प्रत्येक लाईक करणारा आळशी, असं मला म्हणवत नाही. त्यातल्या बहुतेकांनी लाईक नसता केला तर दुसरं काहीतरी मोठं केलं असतं, हे कुठे सिद्ध झालंय? त्यांनी काहीच केलं नसतं. दहा लाखांतले जे थोडे खिशात हात घालतात, त्यांना एकमेकांपर्यंत पोचवणं हे छोटं काम नाही. चूक होते ती सभासदसंख्या बघून ताकद मोजण्यात.

दिंडीला नंबर असतो

तुर्की वंशाच्या समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी इस्तंबूलपासून कैरोपर्यंतची आंदोलनं जवळून पाहिली. त्यांचा मुद्दा असा: पूर्वी लाखाचा मोर्चा निघायचा तेव्हा त्यामागे महिनोन्‌महिने, कधी वर्षं घातलेली असायची. गाड्या, जेवण, पैसे, वाद, रुसवेफुगवे, हे सगळं निस्तरताना माणसांना एकत्र निर्णय घ्यायची सवय लागायची. आता लाखाचा मोर्चा आठवड्यात जमतो, पण ती सवय लागलेली नसते. सरकारने 'बोला, कोणाशी चर्चा करू?' विचारलं की पंचाईत.

पंढरीच्या वाटेवर उभं राहून बघितलं तर नुसती गर्दी दिसते. पण प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढे की रथामागे हे ठरलेलं असतं, मुक्काम ठरलेले असतात, भांडण झालं तर कुणाकडे जायचं हेही माहीत असतं. कुठल्याही ग्रुपवर लिंक टाकून असं काही एका आठवड्यात उभं राहत नाही.

मार्च २०१८ चा नाशिकचा लाँग मार्च आठवा. ६ तारखेला निघालेले शेतकरी, बहुतांश सुरगाणा-पेठ-दिंडोरी पट्ट्यातले आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानात पोचले. मागण्या वनजमिनीच्या पट्ट्यांच्या आणि कर्जमाफीच्या. सोलवटलेल्या तळपायांचे फोटो फोनाफोनांत पोचले, दहावीच्या पोरांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीत कापला ही बातमी पसरली, आणि मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारने त्याच दिवशी लेखी आश्वासन दिलं. सोशल मीडियाने केलं म्हणावं तर शहराची सहानुभूती मिळवली. ते मोठंच काम. पण चालणारे पाय किसान सभेने त्या डोंगरांत कित्येक वर्षं घालून उभे केलेले होते. तो फोटो निघायच्या आधी एवढं सगळं घडून गेलेलं होतं.

जमाव सगळ्यांसाठीच सोपा झाला

या माध्यमांना लोकशाहीचं औषध म्हणणाऱ्यांपुढे मी एक नाव ठेवतो: राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. १ जुलै २०१८ ला आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

तिथेही यंत्रणा तीच होती. ओळखीच्या माणसाकडून आलेला निरोप, म्हणून विश्वास. सगळे निघालेत, म्हणून मीही. चेहऱ्यांमुळे मतदानाला जाणारा आणि चेहऱ्यांमुळे काठी उचलणारा, यांत माध्यमाला फरक कळत नाही.

कुलाबा आणि गडचिरोली, पुन्हा एकदा

कुलाब्याच्या ४४ टक्क्यांमागे सगळा आळस नाही, हे आधी मान्य करू. शहरात लोक भाड्याची घरं बदलतात, नावं जुन्या यादीत राहतात, कोणी गावाकडे मतदार असतो. यादी फुगली की टक्का आपोआप पडतो.

तरीही आणखी एक प्रयोग सांगतो, यात इंटरनेट अजिबात नाही. ऑगस्ट २००६, अमेरिकेतलं मिशिगन राज्य. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांनी सुमारे २० हजार घरांना पत्रं पाठवली. पत्रात तक्ता: गेल्या निवडणुकांत तुमच्या घरातून कोण मतदानाला गेलं, तुमच्या शेजाऱ्यांतून कोण गेलं, आणि या निवडणुकीनंतर आम्ही नवा तक्ता सगळ्यांना पाठवू. पत्र न मिळालेल्यांमध्ये मतदान झालं २९.७ टक्के, पत्र मिळालेल्यांमध्ये ३७.८. आठ टक्क्यांची उडी, तीही टपालाच्या कागदाने. लोक चिडलेही, आणि चिडणारच.

गडचिरोलीच्या एखाद्या टोल्यावर हा तक्ता छापावा लागत नाही. कोण गेलं आणि कोण नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि लोक निघतात तेही घोळक्याने. कुलाब्याच्या विसाव्या मजल्यावर शेजाऱ्याचं नावच माहीत नसतं, तर त्याच्या बोटावर शाई आहे की नाही कोण बघणार? फरकाचं एकमेव कारण हेच असं मी छातीठोक सांगणार नाही. पण माझा कल तिकडे आहे.

राहिली आमची सोसायटी. टँकरच्या बिलावरून ग्रुपवर एका रात्रीत दीडशे मेसेज पडले होते, हात जोडलेले, लाल तोंडाचे, सगळे. रविवारच्या सभेला आलो अकरा जण, त्यात पाच कमिटीचेच. पुढच्या सभेच्या आधी सेक्रेटरीकाकूंनी नोटीस वगैरे टाकलीच नाही. सकाळी एवढंच लिहिलं: 'रविवारी येणार: १. कुलकर्णी बी-४'. कुणीतरी ते कॉपी करून खाली स्वतःचं नाव जोडलं. मग तिसऱ्याने. दुपारी चारपर्यंत यादी एकतीसवर गेली होती, आणि माझ्या मजल्यावरची बाकी तिन्ही घरं त्यात दिसल्यावर मीही बत्तिसावा झालो. सभेला आले सव्वीस. उरलेल्या सहा जणांनी 'मी मतदान केलं' वाल्या त्या अमेरिकनांसारखं नुसतं बटण दाबलं होतं. काकूंनी रात्री ती यादी पुन्हा ग्रुपवर टाकली, आलेल्यांपुढे बरोबरची खूण करून. न आलेल्यांपुढे काहीच लिहिलं नव्हतं.